गाडलेल्या खिडकीतला उजेड

१

सकाळी ऑफिसात आले की मी आधी चहा करते आणि मग मूर्खांची डाक उघडते.

जावा बेटावरच्या सेमारांगच्या जुन्या बाजारात एका फोटोकॉपीच्या दुकानावर आमची जागा आहे. लोक त्यांच्या फोनवर आलेले निरोप, फोटो, व्हिडिओ आम्हाला पाठवतात आणि विचारतात, हे खरं आहे का. आम्ही शोधाशोध करतो आणि बहुतेक वेळा त्यावर लाल अक्षरांत ‘खोटं’ असा शिक्का मारून इंटरनेटवर लावतो. मग तीच माणसं शिक्का मारलेला निरोप शिक्का सोडून पुढे ढकलतात.

यात अडाणी माणसं कमी असतात. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे एक गृहस्थ आहेत, ते दर आठवड्याला पपईच्या पानांचा नवा काढा पाठवतात. एक दाताच्या डॉक्टरीणबाई जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडलेल्या जलपरीबद्दल विचारतात. जलपरी प्लास्टिकची आहे हे सांगितलं की म्हणतात, पण बातमी देणारा माणूस फार कळकळीनं बोलत होता हो. कळकळ! मला या शब्दाची शिसारी आहे. मी निरोप उघडते आणि तेवढंच बघते: हे कोण म्हणतंय, कधी म्हणालं, चित्र कुठून उचललंय, आणि कुणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय की सगळ्यांना ‘ओळखीच्या एकानं’ सांगितलंय. बहुतेकांचा दुसऱ्याच प्रश्नाला निकाल लागतो.

त्या दिवशी असाच एक फोटो आला. खाली मजकूर होता की आपल्या शहराच्या उत्तरेला, जिथं समुद्राचं पाणी घरात शिरतं म्हणून लोक जमिनी उचलत राहतात, तिथं भरावाखाली जुन्या खोल्या जशाच्या तशा आहेत. आत माणसंही आहेत. तुमचं घर जुनं असेल तर जमिनीला कान लावून बघा. आपल्या माणसांना पुढे पाठवा.

फोटोत एक लहानशी खोली होती. पिवळ्या फुलाफुलांची फरशी, एक प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला हिरवा शर्ट, स्टुलावर भाताची ताटली. मागे खिडकी.

मी मोठ्यानं हसले. उत्तरेकडच्या त्याच वस्तीत मी वाढले आहे. भरतीचं पाणी, ज्याला आम्ही रोब म्हणतो, घरात यायला लागलं की लोक ट्रकनं राडारोडा आणतात, खोलीत ओततात, वर कोबा घालतात. काही वर्षांनी जमीन पुन्हा खचते, पुन्हा ओततात. दारं ठेंगणी होत जातात, खिडक्या आधी गुडघ्याशी येतात, मग घोट्याशी, मग बुजतात. खाली खोली नसते. खाली विटांचे तुकडे, शिंपल्या आणि खारं पाणी असतं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण ज्यानं मजकूर लिहिला त्याला नव्हतं, किंवा वाचणाऱ्यांना नसेल याची त्याला खात्री होती.

२

हा फोटो आधी कुठं वापरलाय ते शोधलं. कुठंच सापडला नाही. याचं मला विशेष वाटलं नाही, सगळंच काही सापडत नाही. मग फोटो मोठा करून कोपरे बघायला लागले. लबाड माणूस मध्यभागाची काळजी घेतो, कोपऱ्यांची घेत नाही.

खिडकीला लोखंडी जाळी होती. जाळीत दोन बगळे समोरासमोर उभे होते, आणि डावीकडच्या बगळ्याची मान जरा जास्तच वाकलेली होती.

ती जाळी मी ओळखली. माझ्या पाकदेनं, म्हणजे थोरल्या मावशीच्या नवऱ्यानं, स्वतःच्या हातानं ती केली होती. वालुयो त्याचं नाव, गोदीत वेल्डिंग करायचा. डावा बगळा बिघडला तेव्हा मावशीनं त्याला दिवसभर चिडवलं होतं. तशी दुसरी जाळी जगात असणं शक्य नव्हतं.

मला क्षणभर गंमत वाटली आणि मग बरं वाटलं. म्हणजे फोटो जुना. खिडकी बुजायच्या आधी कुणीतरी काढलेला, आता नव्या थापेला चिकटवलेला. आमच्या धंद्यात यापेक्षा जुनी युक्ती नाही आणि यापेक्षा चांगली चालणारीही नाही.

मी मास गुंतुरना सांगितलं. मास म्हणजे दादा; ऑफिस त्यांचं. जाडे, सावकाश बोलणारे, दर वाक्यानंतर चष्मा पुसणारे.

"मूळ फोटो आणशील का मावशीकडून?" ते म्हणाले. "दोन्ही शेजारी लावू. नुसतं तू ओळखलंस म्हणून लोक मानणार नाहीत."

"लोक काहीही मानतात, मास."

"खोटं मानतात. खऱ्याला पुरावा मागतात."

पहिल्यांदाच त्यांचं एखादं वाक्य मला पटलं.

३

बुदे सुमार्मी, माझी थोरली मावशी, मासे धुरावर शेकून विकते. घराच्या मागं तिची शेड आहे. करवंट्या पेटवायच्या, वर शिंगाळ्याचे तुकडे काड्यांना टोचून लावायचे, दिवसभर डोळ्यांतून पाणी. मी दुपारी पोचले तेव्हा गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं आणि शेजारची बू जारिया खुर्चीवर पाय वर घेऊन फोन बघत बसली होती. वस्तीतला प्रत्येक मूर्ख निरोप या बाईच्या फोनातून जातो, टोलनाका असावा तसा.

"आलीस? फोटो बघून आलीस ना?" ती म्हणाली. तिला आनंद झाला होता.

मी मान वाकवून दारातून आत शिरले. त्या घरात आता सरळ उभं राहिलं तर केस छताला लागतात.

बुदेलाही फोटो आला होता. मला वाटलं होतं तिला समजवावं लागेल. ती माझीच वाट बघत होती. तिनं हात धुतले, चहा ओतला, सोयाबीनच्या टेंपेचे तळलेले काप पुढे ठेवले आणि मी मूळ फोटो कुठाय विचारल्यावर म्हणाली, तसा फोटो कधी कुणी काढलेलाच नाही. खिडकी उघडी होती त्या काळात त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. एकच फोटो आहे, माझ्या आईच्या लग्नातला, त्यात जाळी दिसते, पण त्यात खोली माणसांनी भरलेली आहे.

"तो मी इंटरनेटवर टाकलाय," मी म्हटलं. "तिथून कुणीही जाळी उचलली असेल."

"आणि शर्ट?"

शर्टाकडे मी नीट पाहिलं नव्हतं. हिरवा बाटिकचा शर्ट, असे हजार असतात. बुदेनं तिचा फोन माझ्यापुढे धरला आणि अंगठ्याच्या नखानं शर्टाचा खिसा दाखवला. खिशाच्या कडेला लाल ठिपका होता.

"हा शर्ट मी त्याला शेवटच्या ईदेला घेतला," ती म्हणाली. "खिसा उसवला होता. हिरवा दोरा संपला होता म्हणून लाल घातला. ज्या सकाळी तो हा घालून गेला, त्याच सकाळी."

पाकदे चार वर्षांपूर्वी गेला. मोठी भरती होती, वाऱ्यानं धक्क्यावरच्या नावा आपटत होत्या, तो शेजाऱ्याची नाव बांधायला गेला आणि परतला नाही. काही सापडलं नाही. बुदेनं त्याचं काहीच केलं नाही, जेवण घातलं नाही, प्रार्थना ठेवली नाही. सापडला की करीन म्हणाली.

मी मनात जुळवून बघितलं. खिडकी बुजली तेव्हा मी शाळेत होते. शर्ट त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला. दोन्ही एका फोटोत असू शकत नाहीत. म्हणजे फोटो जुना नव्हता, तो बनवलेला होता. हल्ली मशीनला चार फोटो दाखवले की पाचवा काढून देतं. ईदेचे आमचे फोटोही मीच टाकले होते, त्यात पाकदे याच शर्टात आहे. मी हे सगळं बुदेला सांगितलं, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं.

"ईदेच्या फोटोत लाल दोरा नाही," ती म्हणाली.

"तो डाग आहे. फोटोत असे ठिपके येतात."

"बरोबर त्याच जागी?"

मला राग आला. मला या प्रश्नाचा नेहमीच राग येतो. रसायनशास्त्राचे गृहस्थही असंच विचारतात. ज्यांना मानायचंच असतं त्यांना ठिपका पुरतो.

मग तिनं खरी गोष्ट काढली. तुकिरान गवंड्याला तिनं पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं. जमीन पुन्हा उचलायचीच होती, भिंतीला ओल चढली होती. पण आता तिच्या मनात होतं, उचलण्याआधी फोडायची. खालपर्यंत फोडायची आणि बघायचं.

मी तिला सांगितलं की भराव काढला तर पाणी आत येईल, भिंती पायातून सुटतील, घर राहणार नाही. तिला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिनं टेंपेचा काप माझ्याकडे सरकवला.

"त्या भरावात माणूस उभा राहील एवढी जागा तरी आहे का, बुदे?"

"नाही," ती म्हणाली. "मी मोजली नाही का? भराव माझ्या छातीएवढा. तो उभा राहूच शकत नाही. म्हणून तर खुर्ची आहे."

ती थट्टा करत नव्हती. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला, धुराचा वास असलेला, आणि म्हणाली, "तू तपास. तुझं कामच आहे ते. तू खोटं म्हणालीस तर मी फोडणार नाही. तुझ्या शब्दावर राहीन."

४

निरोप आधी कुणी पाठवला ते शोधायला लागले. बू जारियाला तिच्या भाचीकडून आला होता, भाचीला दुकानदाराकडून, दुकानदाराला मशिदीच्या ग्रुपवरून, आणि ग्रुपवर टाकणारा म्हणाला, मला बू जारियानं पाठवला. मी पुन्हा तिच्याकडे गेले. ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, "मग कुठून का येईना, आला ना?" हे वाक्य या देशाच्या दारावर लिहून ठेवावं.

तो कुणापासूनच सुरू झाला नव्हता. असं होत नाही. कुठंतरी एक माणूस असतो, खोटं बोलणारा, जाहिरातीचे पैसे मोजणारा, किंवा नुसता बायकोवर चिडलेला. तो सापडला की मला समाधान होतं, मग त्याचा चेहरा बघायला मला आवडतं. या वेळी नव्हता.

तेवढ्यात दुसरा फोटो आला, ऑफिसच्या पत्त्यावर, खाली मजकूर काहीच नाही. तीच खोली, तोच कोपरा. ताटलीतला भात अर्धा संपलेला होता. खुर्चीवर शर्ट नव्हता.

मास गुंतुरनी तो बराच वेळ बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. त्यांच्या ओळखीचा एकजण अशा बनवलेल्या चित्रांचा जाणकार होता, त्यानं कळवलं की त्याला बनावटीची खूण दिसत नाही, पण खूण दिसत नाही म्हणजे बनावट नाही असंही नाही. जाणकार माणसं अशीच बोलतात. त्यांना विचारावं आणि रिकाम्या हातानं परत यावं.

शेवटी उत्तर मास गुंतुरनाच सापडलं.

"हेस्ती, उजेड बघ," ते म्हणाले.

खोलीत दिवा नव्हता. उजेड खिडकीतून येत होता, दुपारचा, पिवळा, आणि फरशीवर तिरपा पडला होता. बगळ्यांची सावली त्या उजेडात लांब झाली होती.

"खिडकी बुजलीय ना?" ते म्हणाले. "मातीतून ऊन येतं का?"

इतकं सोपं होतं. चित्र करणाऱ्यानं खिडकी उचलली, शर्ट उचलला, फरशी उचलली, आणि खिडकी म्हणजे उजेड एवढंच त्याच्या डोक्यात आलं. मला त्याच्याबद्दल थोडी दयाही वाटली. एवढी मेहनत करून माणूस शेवटी गाढवपणा करतोच.

मी लेख लिहिला. जाळी कुठली, शर्ट कधीचा, दोन्ही एकत्र का असू शकत नाहीत, आणि गाडलेल्या खिडकीतून उजेड का येत नाही. फोटोवर आडवा लाल शिक्का मारला. लेख पुष्कळ फिरला. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, छान समजावलंत, पण तरी मनाला चुटपूट लागते.

बुदेनं लेख बू जारियाकडून वाचून घेतला आणि मला फोन केला.

"खोटं आहे म्हणतेस," ती म्हणाली.

"हो, बुदे."

"बरं. तुकिरानला सांगते, वरूनच भर म्हणून."

तिनं वाद घातला नाही. तिनं वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

५

जमीन भरायच्या दिवशी मी मदतीला गेले. सामान गल्लीत काढून ठेवलं होतं, कपाट विटांवर, गादी बू जारियाच्या ओट्यावर. तुकिराननं खोलीच्या मध्ये तळहाताएवढं भोक पाडलं होतं. खाली साचणारं पाणी पंपानं उपसायला पाइप घालायचा होता. सगळेच घालतात. दुपारच्या नमाजाला तो हातपाय धुऊन मशिदीत गेला. बुदे मागं शेडमध्ये होती, करवंट्या फुटण्याचा आवाज येत होता.

भोक बघून माझ्या डोक्यात आलं की लेखाला एका गोष्टीची कमी होती. खालच्या राडारोड्याचा एक स्वच्छ फोटो. तो लावला की प्रश्नच मिटला. फोन काढला आणि गुडघ्यांवर बसले.

पहिली गोष्ट अशी की वास आला नाही. कोबा फोडला की त्या वस्तीत कुजलेल्या शिंपल्यांचा वास येतो, नाक धरावं लागतं. भोकातून इस्त्री केलेल्या कापडाचा वास आला. कोरडा, गरम.

मी स्वतःला म्हटलं, गल्लीत कुणीतरी इस्त्री करत असेल. घोटाभर पाण्यात. मी ओठ चावून हसलेसुद्धा, कारण ही पळवाट मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली असती तर त्याची चामडी सोलली असती.

पोटावर पालथी झाले आणि डोळा लावला.

उजेड होता. माझ्या मागचं दार उघडं होतं, त्यातून आत पडत असेल असं वाटून मी भोवती हात धरले. खालचा उजेड तसाच राहिला. पिवळी फुलं दिसली. ती छातीएवढ्या अंतरावर नव्हती, खूप खाली होती, दुसऱ्या मजल्यावरून अंगण दिसावं तशी. फरशी पुसलेली होती. तिच्यावर उन्हाचा तिरपा पट्टा, आणि पट्ट्यात दोन लांब माना, एक जास्त वाकलेली.

किती वेळ बघितलं मला सांगता येत नाही. मी विचार करत होते. खरंच करत होते. आरसा, पाणी, पाण्यात पडलेलं वरचं प्रतिबिंब, थकलेले डोळे, लेख लिहिताना तोच फोटो शंभरदा बघितल्याचा परिणाम. यातलं प्रत्येक कारण मी मांडून बघितलं आणि प्रत्येक जरासं कमी पडलं. बोट नकळत दाबलं गेलं असावं, फोननं फोटो काढल्याचा आवाज केला.

बगळ्यांच्या सावलीवर दुसरी सावली आली. कुणीतरी खिडकी आणि फरशी यांच्यामध्ये उभं राहिलं होतं. ते हललं नाही. ऐकणारा माणूस जसा हलत नाही तसं.

मग खाली खुर्ची ओढल्याचा आवाज आला. प्लास्टिकचे पाय फरशीवर घासत, सावकाश, माझ्या बाजूला. फळीवरचं काही काढायचं असलं की आपण खुर्ची जशी बरोबर त्याच्याखाली आणून ठेवतो, तशी ती आणली जात होती. ती थांबली तेव्हा माझ्या पोटाच्या अगदी खाली थांबली.

मी उठले. तुकिरानची वाळूची बादली जवळ होती, ती भोकावर ठेवली आणि तिच्यावर बसले. बुदे आत आली तेव्हा मी तशीच बसलेली होते. ती कपड्याला हात पुसत दारात उभी राहिली.

"बघितलंस?" तिनं विचारलं.

"हो."

"काय आहे?"

तिचा चेहरा धुरानं काळवंडलेला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते नेहमीचंच. माझ्या एका शब्दावर ती थांबली होती. घर पाडायला आणि न पाडायला, दोन्हीला तयार होती. खाली जे कुणी होतं त्याला चार वर्षांत वर यायला जागा मिळाली नव्हती, आणि ती मिळाली तर काय वर येईल याची मला कल्पना नव्हती. मला एवढंच कळत होतं की खुर्ची ओढण्याची ती पद्धत पाकदेची नव्हती. तो खुर्ची उचलून ठेवायचा. फरशीला ओरखडे पडलेले बुदेला चालायचे नाहीत.

"विटा," मी म्हटलं. "विटा आणि चिखल."

ती मान हलवून परत शेडमध्ये गेली.

तुकिरान आल्यावर मी त्याला सांगितलं, पाइप इथं नको, मागच्या कोपऱ्यात घाल, हे भोक बुजव. तो कुरकुरला. त्यानं बादली सरकवली आणि घमेलंभर माल आत ओतला. ओतून झाल्यावर मान तिरकी करून थांबला.

"पडल्याचा आवाज आला नाही," तो म्हणाला.

"पत्रा ठेव वर," मी म्हटलं. "पत्रा ठेव आणि कोबा घाल."

६

मास गुंतुरना खालचा फोटो हवा होता. माझ्या फोनात एक होता. मी तो उघडला नाही, अजून उघडलेला नाही, आणि पुसलाही नाही. गल्लीच्या टोकाला एक पडकं घर आहे, तिथल्या राडारोड्याचा फोटो काढला आणि लेखाखाली लावला. ‘प्रत्यक्ष पाहणीत आढळलेला भराव.’ लोकांनी तो मुकाट्यानं मानला. एकाच माणसानं लिहिलं, विटांवर ताजं ऊन दिसतंय, हे जमिनीखालचं कसं? आणि फोटो कुणी, कधी काढला? असा एखादा असतोच. मी त्याला उत्तर दिलं नाही. मला त्याचा राग आला, आणि तो राग ओळखीचा नव्हता.

मी ऑफिसात जाते, चहा करते, शिक्के मारते. हात तेवढा चालतो.

बुदेनं परवा दुपारी फोन केला. नवी जमीन छान थंड आहे म्हणाली. मासे विकून आलं की ती चटई न घेता तशीच पडते, गाल टेकवून. तिचा आवाज कित्येक वर्षांत इतका निवांत ऐकला नव्हता. माझं जेवण झालं का विचारलं, बू जारियाच्या गुडघ्याचं सांगितलं. मग त्याच सुरात म्हणाली, "हेस्ती, तो विचारतो, त्या दिवशी वरून कोण बघत होतं."

"बुदे, ते खोटं आहे," मी म्हटलं. तोंडातून सवयीनं निघालं. "मी तपासलंय."

"मी पण त्याला तेच सांगितलं. म्हटलं, आमच्या हेस्तीनं तपासलंय, तू नाहीसच."

रस्त्यावर कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं. मास गुंतुर समोर चष्मा पुसत बसले होते. मी ‘बरं केलंस’ म्हणून फोन ठेवायला हवा होता. असे फोन मी आयुष्यभर ठेवत आले आहे, माणसं वाक्य संपवायच्या आत.

"मग तो काय म्हणाला?" मी विचारलं.

तिला बरं वाटलं असावं, कारण ती हळूच हसली, लहानपणी मी तिचं ऐकल्यावर हसायची तशी.

"थांब," ती म्हणाली. "तूच ऐक."

आणि तिनं फोन जमिनीला लावला.